स्वखुशीने

मी कुर्ल्याला कोर्टाबाहेरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. 'मी खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की' हे वाक्य माझी बोटं माझ्या आधी टाइप करतात. भाडेकरार, नावातला बदल, हरवलेलं रेशन कार्ड, न नांदवणारा नवरा, बाउन्स झालेला चेक. दिवसभर लोकांच्या भानगडी काचेवर पालथ्या घालायच्या आणि हिरवं बटण दाबायचं. त्यामुळे कोर्टकचेरीतलं आपल्याला थोडंफार कळतं, असा माझा समज होता.

पप्पा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी आईने शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर अंगठा दिला. त्या वेळी मी त्याच खोलीत, चार हातांवर, मोरीपाशी बसून पाहुण्यांचे कप विसळत होते.

गोष्ट फेब्रुवारी 2021 ची. पप्पा नाक्यावरचे बिगारी. सकाळी साडेसातला डबा घेऊन नाक्यावर उभं राहायचं, कुणी नेलं तर त्या दिवसाची मजुरी, नाही तर दुपारी घरी. लॉकडाऊनने बांधकामं थंडावली होती. टाकी साफ करायच्या कामाला ते आधी कधी गेले नव्हते असं आई सांगायची. मला तेवढी खात्री नाही. घरी आल्यावर ते कधीकधी दोनदा आंघोळ करायचे, आणि त्याबद्दल कुणी विचारत नसे. त्या दिवशी एका ठेकेदाराने चौघांना उचललं. चेंबूरकडची एक जुनी सोसायटी, सेप्टिक टाकी तुंबलेली. सक्शन गाडीला पैसे जास्त पडतात. बादली आणि दोर स्वस्त.

पहिल्यांदा बाविशीचा एक पोरगा उतरला. त्याला गॅस लागला. वरून हाका मारल्या तर आवाज नाही. पप्पांनी तोंडाला रुमाल बांधला आणि ते त्याला काढायला खाली गेले. फायर ब्रिगेडने दोघांना बाहेर काढलं. पोरगा वाचला, आठवडाभर इस्पितळात पडून होता, मग त्याच्या घरचे येऊन त्याला गावी घेऊन गेले. पप्पांना काढलं तेव्हाच काही उरलं नव्हतं.

इस्पितळात पोलिसांनी आईचा जबाब घेतला. शेवटची ओळ होती, 'माझी कोणाविरुद्ध तक्रार अगर संशय नाही.' ही ओळ आईची नाही. अशा प्रत्येक जबाबाच्या शेवटी ती असतेच, जशी माझ्या अॅफिडेव्हिटच्या शेवटी 'माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे' ही असते. नोंद झाली एडीआरची, म्हणजे अकस्मात मृत्यूची.

तिसऱ्या दिवशी ठेकेदार आला, बरोबर आमच्याच वस्तीतले दोन जाणते लोक. "वहिनी, माझाच भाऊ गेला असं समजा." पन्नास हजार रोख, पिवळ्या पाकिटात. क्रियाकर्माला, घरभाड्याला. आणि एक कागद, 'पैसे पोचल्याची फक्त पावती'. मामांनी वरवर नजर फिरवली, ते चौथी शिकलेत. शाईचं पॅड ठेकेदाराने सोबत आणलेलं होतं, हे मला आजही विसरता येत नाही. माणूस दुःखाला भेटायला जाताना खिशात शाईचं पॅड घेऊन जातो.

तो कागद मी रात्री वाचला. 'माझे मयत पती हे सदर टाकीमध्ये कोणीही न सांगता स्वखुशीने उतरले असून त्यास ठेकेदार अगर सोसायटी जबाबदार नाही. माणुसकीच्या नात्याने दिलेले रु. 50,000 मिळाले, भरून पावले. यापुढे माझी अगर माझ्या वारसांची काहीएक मागणी राहणार नाही.' खाली, निशाणी डावा अंगठा.

टायपिंग चांगलं होतं. समास बरोबर सोडलेला, तारखा शब्दांत आणि आकड्यांत. माझ्यासारखंच कुणीतरी कुठल्यातरी दुकानात बसून ते टाइप केलं असणार, आणि पानाचे पैसे घेतले असणार. मीही असले कागद केले असतील. कोण कशासाठी करतंय हे आम्ही विचारत नाही.

'स्वखुशीने' हा शब्द मला पुढची अडीच वर्षं पुरला. कारण तो धड खोटाही नव्हता. पप्पांना त्या वेळी कुणी ढकललं नव्हतं. खाली पोरगा पडलाय म्हणून ते स्वतःहून उतरले.

पुढचे सहा महिने मी आणि आई फिरलो. पोलीस ठाण्यात साहेब बंदोबस्ताला, साहेब रजेवर, साहेबांची बदली. मार्च-एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली आणि फिरणंही थांबलं. नंतर एका सरकारी कार्यालयात कुणीतरी सांगितलं म्हणून गेलो. तिथल्या बाबूंनी चष्म्यावरून बघून विचारलं, "महापालिकेचा कामगार होता का?" नाही. "मग? सोसायटी खासगी, ठेकेदार खासगी, सरकारने कशापायी द्यायचे?" प्रश्न बिनतोड वाटला. आम्ही उठलो. खाली रस्त्यावर आईने उसाचा रस घेतला, मला दिला, आणि म्हणाली, "सोड आता. कॉलेजचं बघ."

सप्टेंबर संपत आला होता. एक वकील दुकानात आले, पेन ड्राइव्ह देऊन म्हणाले, "ही ऑर्डर काढ, दोन प्रती." प्रिंट निघत असताना मजकूर वाचायचा नाही, असा आमच्या शेठचा दंडक. पण कागद प्रिंटरमधून डोकं वर करूनच बाहेर येतो. मला 'सेप्टिक टँक' दिसलं, मग 'गोवंडी' दिसलं. गोवंडी म्हणजे आमच्या मानखुर्दपासून एक स्टेशन. दोनऐवजी तीन प्रती काढल्या. तिसरीचे पैसे गल्ल्यात टाकले, तेवढी प्रामाणिक आहे मी.

ती मुंबई उच्च न्यायालयाची ऑर्डर होती. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीत एका इमारतीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार गेले होते. त्या तिघांच्या बायकांनी हायकोर्टात दाद मागितली होती आणि प्रत्येकीला दहा लाख द्यायला कोर्टाने सरकारला सांगितलं होतं. खासगी ठेकेदाराकडून वसूल करायचे ते सरकारने नंतर करावेत, आधी बाईच्या हातात द्यावेत, असं त्यात होतं. म्हणजे त्या बाबूंच्या बिनतोड प्रश्नाचं उत्तर कोर्टाने देऊन ठेवलं होतं, आणि ते मला सापडलं झेरॉक्सच्या काचेवर.

माझं इंग्रजी बी.कॉम.चं. रात्री मोबाइलवर शब्द बघत बघत मी ती ऑर्डर वाचली. त्यात मागच्या एका निकालाचा उल्लेख होता, तो शोधला. मग त्याच्या मागचा. उकलत गेलं तसं कळलं, की 2003 साली सफाई कर्मचारी आंदोलन या संघटनेने सुप्रीम कोर्टात जनहित याचिका, म्हणजे पीआयएल, टाकली होती. हाताने मैला उचलायला बंदी करणारा कायदा 1993 चा, पण सरकारं म्हणत होती, आमच्याकडे असलं कुणी कामच करत नाही. अकरा वर्षं ती याचिका चालली. मधे 2013 चा नवा कायदा आला. त्यात गटार किंवा सेप्टिक टाकी साधनांशिवाय माणसाकडून साफ करून घेणं हाच गुन्हा ठरवला, पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि 27 मार्च 2014 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की 1993 पासून गटारात, मॅनहोलमध्ये, टाकीत जे जे मेले त्यांच्या घरच्यांना शोधून काढा आणि प्रत्येकी दहा लाख द्या.

शोधून काढा. मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. आम्ही काही लपून बसलो नव्हतो. पंचनाम्यावर पत्ता होता, पिन कोडसकट.

माझी आजी असती तर हसली असती. 72 च्या दुष्काळात ती जालन्याकडून मुंबईत आली, फुटपाथवर राहिली. 1981 च्या पावसाळ्यात झोपड्या उचलून माणसांना बसमध्ये घातलं आणि शहराबाहेर सोडलं, ते ती आम्हाला गोष्टीसारखं सांगायची, बसमधल्या पत्र्याच्या ट्रंकेसकट. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1985 चा ओल्गा टेलिस निकाल, उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगणारा. कायदा शिकणारी मुलं त्याच्या नोट्सची झेरॉक्स आमच्याकडे काढतात, मी शेकडो वेळा काढलीय. पण फुटपाथवर राहायचा हक्क त्यात मिळाला नव्हता. तेवढा पावसाळा जाऊ द्या, मग हटवा, असं होतं. आजीला निकालाचा पत्ता नव्हता. तिला एवढंच ठाऊक, की एकदा हटवलं, मग परत आलो, मग परत हटवलं. एकाच घटनेचं कोर्टातलं नाव वेगळं आणि आमच्या घरातलं वेगळं, हे मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

त्या वर्षी 2 ऑक्टोबर ते 14 नोव्हेंबर विधी सेवेची, म्हणजे सरकारी मोफत कायदेशीर मदतीची, देशभर मोहीम चालली होती. आमच्या वस्तीतही समाजमंदिरात एक शिबिर झालं. मांडव, माइक, पत्रकं, 15100 हा मोफत सल्ल्याचा नंबर. भाषणं नेहमीची. पण कडेला टेबल टाकून एक ताई बसल्या होत्या, विधी सेवेच्या स्वयंसेवक. मी त्यांच्यापुढे स्टॅम्प पेपर आणि ऑर्डर, दोन्ही ठेवलं. त्यांनी ऑर्डर बाजूला सारली आणि आधी स्टॅम्प पेपर वाचला. मग म्हणाल्या, "हा नोटरीसुद्धा केलेला नाही गं." मी सात महिने त्या कागदाला घाबरत होते, आणि शिक्का नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या! जिच्या दुकानासमोर तीन नोटरी बसतात.

मोफत वकिलासाठी अर्ज करायचा होता. वस्तीतल्या एकाने सांगितलं, उत्पन्नाचा दाखला लागतो. दुसरा म्हणाला, जातीचा लागतो. आम्ही मातंग, पण पप्पांचा जातीचा दाखला कधी निघालाच नव्हता. त्याला 1950 च्या आधीचा पुरावा मागतात, आणि आमच्या घरात 1950 च्या आधीचं काय असणार, आजीचं जातं होतं तेही गावीच राहिलं. ताईंनी कपाळाला हात लावला. "अगं, बाई असली की पुरे. बाईला उत्पन्नाची अट नाही." विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे, त्याच्या बाराव्या कलमात ते लिहिलंय. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग, कोठडीतला, कारखान्याचा कामगार, यांना उत्पन्न कितीही असो, वकील फुकट. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा. म्हणजे आई थेट आत जात होती आणि आम्ही दाखल्याच्या रांगेत उभं राहायला निघालो होतो.

अर्ज हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे गेला. जानेवारी 2022 मध्ये फोन आला, वकील नेमल्याचा.

वकील मॅडम माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या. फुकटातला वकील म्हणजे वेळकाढू, असं वस्तीत सगळे बोलायचे, आणि माझ्याही मनात होतं. मॅडमनी पहिल्याच भेटीत एक तास दिला. ऐकून घेतलं आणि विचारलं, "पीआयएल करायची का म्हणून आलीयस?" मी हो म्हटलं, कारण मला वाटलं मोठी केस म्हणजे पीआयएल. त्या म्हणाल्या, नाही, आपली साधी रिट. ज्याचं स्वतःचं नुकसान झालंय तो स्वतःसाठी येतो, त्याला पीआयएल म्हणत नाहीत. पीआयएल म्हणजे जो कोर्टापर्यंत पोचू शकत नाही त्याच्या वतीने तिसऱ्याने उभं राहणं. मुंबईच्या पोलीस कोठड्यांमधल्या बायकांचं काय होतं ते शीला बारसे या पत्रकार बाईंनी पत्र लिहून सुप्रीम कोर्टाला कळवलं, त्या पत्राचीच याचिका झाली आणि 1983 मध्ये निकाल आला, ते उदाहरण त्यांनी दिलं. आता एवढं सोपं नाही, म्हणाल्या. 2010 पासून हायकोर्टाचे पीआयएलचे नियम आहेत, स्वतःची सगळी माहिती द्यावी लागते, यात माझा खासगी फायदा नाही असं लिहून द्यावं लागतं. "तुझ्या आईचा फायदा आहे. आणि असावा."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला पटली. 2014 च्या पीआयएलने दहा लाखांचा हक्क सगळ्यांना दिला, पण तो हक्क घरोघर पोचवायला कुणी टपाल ठेवलं नाही. ज्याला पाहिजे त्याने पुन्हा कोर्टात यायचं.

कागद जमवायला सहा महिने गेले. याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, ज्याने एकदा केलंय त्याला माहीत आहे. पंचनाम्याची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, त्यावर पप्पांच्या नावातली वेलांटी चुकलेली, ती दुरुस्ती. माहिती अधिकाराचे तीन अर्ज, प्रत्येकावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. त्यातलं एकच उत्तर कामाचं आलं, फायर ब्रिगेडचं. दोन ओळींचा मजकूर: टाकीत दोन इसम बेशुद्धावस्थेत, घटनास्थळी कोणतीही सुरक्षा साधने आढळली नाहीत. आईने तो कागद देवाच्या फोटोमागे ठेवला. मी म्हटलं मॅडमना मूळ प्रत लागेल, तर म्हणाली, झेरॉक्स दे की, तुझंच तर दुकान आहे.

मॅडमनी पोलीस ठाण्याला लेखी दिल्यावर एडीआरचा गुन्हा झाला. 304-अ, म्हणजे निष्काळजीपणामुळे मृत्यू, आणि 2013 च्या कायद्याची कलमं. अॅट्रॉसिटीच्या कायद्यातही अनुसूचित जातीच्या माणसाकडून हाताने मैला साफ करून घेणं 2016 पासून गुन्हा आहे, तेही लावा असं मॅडमचं म्हणणं होतं. ते लागलं नाही. जातीचा दाखला नव्हता ना.

सगळ्यात जास्त वेळ गेला भाषांतरात. आमचे सगळे कागद मराठीत आणि हायकोर्टाची भाषा इंग्रजी. जबाब, पंचनामा, फायर ब्रिगेडचं उत्तर, आणि तो स्टॅम्प पेपर, कारण ठेकेदार तो दाखल करणारच होता, त्यापेक्षा आपणच आधी दाखवावा. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर मी शटर अर्धं ओढून टाइप करत बसायचे, मॅडम तपासायच्या.

'माझी कोणाविरुद्ध तक्रार अगर संशय नाही' याचं इंग्रजी सरळ झालं. 'भरून पावले' ला इंग्रजी सापडेना. फुल अँड फायनल, असं शेवटी लिहिलं, पण ते काही 'भरून पावले' नव्हे. एवढे कप विसळणाऱ्या घरात कोण भरून पावलं होतं? आणि 'स्वखुशीने' आलं तेव्हा मी टाइप केलं, व्हॉलंटरिली. मग खोडलं. मॅडमना फोन केला, म्हटलं हा शब्द जरा मऊ करू या का, ऑफ हिज ओन असं काही. मॅडम एकदम गंभीर झाल्या. "भाषांतर म्हणजे भाषांतर. शब्द जसा आहे तसा टाक. त्याच्याशी काय करायचं ते मी बघते."

त्यांनी काय केलं, तर याचिकेत एक परिच्छेद घातला. पहिला कामगार साधनांशिवाय उतरवला गेला हाच गुन्हा. तो बेशुद्ध पडला तो त्या गुन्ह्यामुळे. त्याला काढायला बरोबरचा माणूस उतरतो, प्रत्येक वेळी उतरतो, आणि त्याचा मृत्यू त्याच साखळीतला आहे. त्याच्या माणुसकीचा फायदा गुन्हेगाराला देता येणार नाही. मी तो परिच्छेद टाइप करताना थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढे झाला नसता.

ऑगस्ट 2022 मध्ये याचिका दाखल झाली. ऑफिसने हरकती काढल्या, तीन पानांवर समास कमी, एक पान पुसट. हरकती बरोबर होत्या. पुसट पान माझ्याच मशीनचं होतं, टोनर संपत आलेला. मला लाज वाटली.

मग बोर्ड. रात्री वेबसाइटवर उद्याच्या केसेसची यादी लागते, त्याला बोर्ड म्हणतात. आमचा नंबर कधी 38, कधी 61. सकाळी मानखुर्दहून हार्बर लाइनने सीएसएमटी, तिथून चालत. आईची रोजी बुडायची, ती दोन घरची पोळ्यांची कामं करते. "तुम्ही यायलाच पाहिजे असं नाही," मॅडम सांगायच्या, पण आई यायची. तिला ती दगडी इमारत आवडली होती. वरच्या मजल्यावरच्या गार व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची आणि काळे कोट मोजायची. पाच तारखा गेल्या. दोन वेळा आमच्यापर्यंत बोर्ड आलाच नाही. एकदा सरकारी वकिलांनी उत्तरासाठी वेळ मागितला, एकदा ठेकेदाराच्या वकिलांनी. एकदा दोन न्यायमूर्तींपैकी एक नव्हते.

खरी सुनावणी 2023 च्या उन्हाळ्यात झाली. किती वेळ? मी मोबाइलवर बघितलं नाही, पण चहा उकळायला लागतो त्याहून जास्त नाही. ठेकेदाराच्या वकिलांनी स्टॅम्प पेपर दाखवला आणि तो शब्द उच्चारला, व्हॉलंटरिली. माझ्या टायपिंगमधला. मॅडम गोवंडीच्या निकालावर बोलल्या, 2014 वर बोलल्या. एका न्यायमूर्तींनी स्टॅम्प पेपरची मूळ मराठी प्रत मागितली. वाचली. मग विचारलं, याचिकाकर्ती हजर आहे का. आई उभी राहिली, हात जोडून.

त्यांनी मराठीत विचारलं, "तुम्हाला वाचता येतं?"

"नाही साहेब. पोरगी वाचती."

"मग अंगठा देताना पोरगी कुठे होती?"

आई म्हणाली, "कप विसळत होती साहेब. माणसं आलती ना."

कुणी हसलं नाही. न्यायमूर्तींनी कागद उलटा ठेवला आणि इंग्रजीत लिहून द्यायला सुरुवात केली. हे बोलणं ऑर्डरमध्ये कुठे नाही. ऑर्डरमध्ये एवढंच आहे, की असल्या कागदाने कायद्याने मिळालेला हक्क जात नाही, राज्य सरकारने दहा लाख द्यावेत, आधी दिलेले पन्नास हजार त्यातून कापू नयेत, आणि ठेकेदाराकडून वसूल करण्याची सरकारला मुभा आहे. सहा आठवड्यांची मुदत.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, "त्यांना खुशीने उतरले असंच ठेवलं का?" मी म्हटलं, त्याच्यावर काही लिहिलं नाही, तो कागदच बाजूला ठेवला. आईला ते पुरेसं वाटलं नाही. तिला तो शब्द खोडलेला हवा होता. मला वकिलीण व्हायचं असतं तर मी तिला समजावलं असतं की कोर्ट शब्द खोडत नाही. मी वडापाव घेतला.

सहा आठवड्यांची मुदत संपली, पैसे नाहीत. अनुदान नाही, फाइल वर गेलीय, वरून आलेली नाही. मॅडमनी अवमान याचिकेची नोटीस पाठवली, मग फाइल कुठूनतरी खाली आली. पैसे सप्टेंबर 2023 मध्ये आईच्या खात्यात जमा झाले. ठेकेदारावरचा खटला अजून चालू आहे. तो पोरगा साक्षीला येईल का, माहीत नाही. त्याचा जुना नंबर लागत नाही.

आणि 20 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका जनहित याचिकेत ही रक्कम तीस लाख केली. बलराम सिंग विरुद्ध भारत सरकार. कायमचं अपंगत्व आलं तर वीस लाख. ऑर्डर मला मॅडमनीच पाठवली, खाली काही न लिहिता. मी वाचली आणि मनात हिशोब केला, तो करायला नको होता. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरंय, पुढच्यांना मिळतील." मग जरा वेळाने, "पुढचे असणारेत म्हणजे."

तो निकालही मी छापून ठेवलाय. दुकानात काउंटरखाली एक फाइल आहे, त्यात 2014 चा, गोवंडीचा आणि हा, तिन्हींच्या प्रती. शेठना ठाऊक आहे, काही बोलत नाहीत. आतापर्यंत दोन घरांनी नेल्या. एक जण नालासोपाऱ्याहून आला होता, त्याचा मेहुणा गेला होता. त्याच्या खिशातही एक स्टॅम्प पेपर होता. मी आधी तो मागून घेतला आणि शिक्का आहे का बघितलं.

पैसे आल्यावर आईला बँकेत मुदत ठेव करायला नेलं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला, शाईचं पॅड उघडलं, फुलीच्या खुणेवर बोट ठेवलं. "आजी, इथे अंगठा." आई आजी वगैरे नाही, पन्नाशीचीच आहे. तिने अंगठा पदराखाली घेतला.

"आधी वाचून दाखव," मला म्हणाली.

मी म्हटलं, बँकेचा फॉर्म आहे गं, सगळ्यांचा सारखाच असतो.

"वाच."

मागे अकरा-बारा माणसं होती, लंच टाइमला दहा मिनिटं. मी पहिल्या ओळीपासून सुरू केलं. मागची बारीक टाइपमधली अटींची बाजूसुद्धा.